वेल्समधला पूर्वज शोधताना: पायऱ्या, त्यांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला आपल्या घरची वंशावळ तपासायला पाठवतं. कुणाची सून वेल्श असते, कुणाचा जावई. काही घरं पुण्या-देवळालीकडची अँग्लो-इंडियन असतात, ज्यांच्या खापरपणजोबांपैकी एक पलटणीबरोबर इकडे आलेला असतो. कागद देखणा असतो, पार सोळाव्या शतकापर्यंत पोचलेला. आणि जवळजवळ प्रत्येक कागद एकाच जागी तुटतो. १८५१ च्या मागे जाताना एका जॉन जोन्सला भलत्याच विल्यम जोन्सचा मुलगा करून टाकलेलं असतं. तिथून मागचं सगळं दुसऱ्याच कुणाच्या तरी घरचं.

हे माझ्याही हातून झालं आहे. सासरच्या बाजूच्या एका इव्हान डेव्हिसच्या मागे मी सात महिने होते. गाव जुळत होतं, वय जुळत होतं, बापाचं नाव जुळत होतं. चार पिढ्या मागे गेल्यावर एका थडग्याचा फोटो हाती आला: माझा तो इव्हान सहाव्या वर्षीच वारला होता. तेव्हापासून मी एका शिस्तीने काम करते, तीच इथे देते. वेल्समध्ये नावाने माणूस ओळखू येत नाही. तो ओळखू येतो शेतघर, पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला गावाचा भाग) आणि चॅपल (अँग्लिकन चर्चबाहेरच्या पंथांचं प्रार्थनास्थळ) या तिघांनी. खालची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

## आधीची तयारी

घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी भेटा. संकेतस्थळं पळून जात नाहीत, माणसं जातात. पण "पणजोबांचं नाव काय?" एवढ्यावर थांबू नका. विचारायचं ते असं: घराला काय नाव होतं? कुठल्या चॅपलमध्ये जायचे? घरात वेल्श बोलायचे का? गावात त्यांना काय म्हणायचे? वेल्समध्ये एका गावात दहा जोन्स, म्हणून माणसाला धंद्यावरून किंवा घरावरून हाक मारायची पद्धत होती. असं एखादं टोपणनाव आजीच्या आठवणीत राहिलं असेल तर ते दाखल्याइतकंच मोलाचं.

मग कागद. घरच्या बायबलच्या पहिल्या पानावरच्या जन्मतारखा, अंत्यविधीची छापील कार्डं, रविवारच्या शाळेत बक्षीस मिळालेलं पुस्तक (आत चॅपलचं नाव असतं), जुन्या फोटोच्या मागे छापलेलं स्टुडिओचं गाव. सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

एक वही किंवा तक्ता करा आणि त्यात तीन रकाने पाडा: काय कळलं, कुठून कळलं, किती खात्री. तिसरा रकाना रिकामा सोडायचा नाही. "आत्याने सांगितलं" आणि "लग्नाच्या दाखल्यावर आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सहा महिन्यांनी तुम्हाला त्यातला फरक आठवणार नाही.

पैसे भरून घ्यायची वर्गणी अजून घेऊ नका. फॅमिलीसर्च, फ्रीबीएमडी (जन्म, विवाह, मृत्यूची सूची), फ्रीसेन (जनगणना), सरकारी नोंदणी कार्यालयाची म्हणजे जीआरओची सूची आणि वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची संकेतस्थळं फुकट आहेत, सुरुवातीचे कित्येक आठवडे त्यांवरच निघतात. ब्रिटनमध्ये राहत असाल तर जवळच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा, अनेक ठिकाणी अ‍ॅन्सेस्ट्री किंवा फाइंडमायपास्ट तिथे बसून फुकट बघता येतं.

शेवटची तयारी म्हणजे वेल्श अक्षरांची जुजबी ओळख. एक एफ असेल तर उच्चार 'व्ह', दोन एफ असतील तर 'फ'. डब्ल्यू पुष्कळदा स्वर असतो, 'ऊ'. सी नेहमी 'क'. जोड एलचा उच्चार जीभ 'ल'च्या जागी टेकवून कडेने हवा सोडून करतात. इंग्रज कारकुनाला तो जमत नसे, म्हणून तो कधी 'ल', कधी 'थ्ल', कधी 'फ्ल' असा लिहीत असे. नोंद सापडत नसेल तर शब्द मोठ्याने उच्चारून बघा आणि तो अनोळखी कानाला कसा ऐकू आला असेल याचा विचार करा.

## टप्पा १: एका पिढीला एक दाखला, मधली पायरी न गाळता

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली. त्यापुढच्या प्रत्येक पिढीसाठी निदान एक दाखला हातात हवा. आणि क्रम असा ठेवा: आधी विवाहाचा, मग जन्माचा.

का, ते सांगते. विवाहाच्या दाखल्यावर वर-वधू दोघांच्याही वडिलांची नावं आणि धंदे असतात. "इव्हान डेव्हिस, वडील जॉन डेव्हिस, पाथरवट" एवढं कळलं की शोधायच्या जन्मनोंदींमधले निम्मे इव्हान आपोआप गळतात. जन्मापासून सुरुवात केली तर चाळण लावायला हातात काहीच नसतं.

जीआरओच्या स्वतःच्या सूचीत जन्मनोंदीसोबत आईचं माहेरचं आडनाव अगदी १८३७ पासून दिलेलं आहे. फ्रीबीएमडीने उतरवलेल्या जुन्या तिमाही सूचीत ते १९११ च्या तिसऱ्या तिमाहीपासूनच येतं. म्हणून जन्म शोधताना जीआरओची सूची आणि विवाह शोधताना फ्रीबीएमडी वापरा. जीआरओच्या ऑनलाइन सूचीत विवाह नाहीतच. १९१२ च्या आधीच्या विवाहसूचीत जोडीदाराचं आडनाव नसतं. तिथे दोघांची नावं वेगवेगळी शोधून जिल्हा, तिमाही, खंड आणि पान या चारही गोष्टी जुळतात का ते बघायचं.

सावधान: एकाच पानावर एकाहून अधिक लग्नं असतात. मेरी थॉमस आणि इव्हान डेव्हिस एका पानावर दिसले म्हणजे त्यांचं एकमेकांशी लग्न झालं, असं होत नाही. अशी नावं असतील तर दाखला मागवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता वेल्ससाठी सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती. तुमचा डेव्हिड जोन्स सापडत नसेल तर त्याला सोडा आणि त्याचं विचित्र नावाचं भावंड शोधा. चॅपलला जाणाऱ्या घरांत बायबलच्या जुन्या करारातली नावं आवडीने ठेवत: केलेब, जेबेझ, ओबादाया, हबक्कूक. जोन्सांच्या गर्दीत डेव्हिड हरवतो, हबक्कूक जोन्स हरवत नाही. त्याच्या नोंदीवरून आईचं माहेरचं नाव आणि घर मिळवा, मग त्याच घरातला डेव्हिड उचला.

तपासा: दाखल्यावर वयाऐवजी "पूर्ण वयाचा" असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की एकवीस किंवा जास्त. तो बावीसचाही असेल, पन्नाशीचाही. आणि मृत्यूच्या दाखल्यावरचं वय माहिती देणाऱ्याला जेवढं ठाऊक तेवढंच. त्यावरून जन्मसाल काढताना अलीकडे-पलीकडे तीन-चार वर्षं धरा.

## टप्पा २: जनगणनेतून कुटुंब एकत्र बसवा

१८४१ ते १९२१ पर्यंतच्या दर दहा वर्षांच्या जनगणना बघायला मिळतात. १९३१ ची आगीत नष्ट झाली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. ती पोकळी १९३९ च्या राष्ट्रीय नोंदवहीने काहीशी भरते.

माणूस एकाच जनगणनेत सापडला म्हणून समाधान मानू नका. त्याच्या हयातीतल्या प्रत्येक जनगणनेत त्याला गाठा. १८५१ पासून नातं आणि जन्माचं पॅरिश दिलेलं असतं. जन्मगावाचा रकाना दर वेळी थोडा वेगळा भरला जातो, आणि ते आपल्या पथ्यावरच पडतं: एकदा नुसता परगणा (काउंटी), "कार्डिगनशर", एकदा पॅरिशचं नाव, एकदा त्याहून लहान वाडीचं. तिन्ही एका ओळीत ठेवले की जागा नेमकी होते.

१८४१ ची मात्र वेगळ्या नजरेने वाचायची. तिच्यात पंधरा वर्षांवरच्यांचं वय खालच्या पाचाच्या पटीत उतरवायची सूचना होती, म्हणजे चव्वेचाळीसचा माणूस चाळीसचा दिसतो. नातं लिहिलेलं नाही. एका घरातले दोन डेव्हिस भाऊ आहेत, बाप-लेक आहेत की मालक-गडी, हे ती सांगत नाही. जन्माबद्दलही फक्त याच परगण्यात झाला की नाही एवढंच. पुढच्या जनगणनांवरून जे आधीच ठाऊक आहे त्याला दुजोरा देण्यापुरती ती वापरा.

१८९१ पासून वेल्समध्ये भाषेचा रकाना आहे: वेल्श, इंग्रजी की दोन्ही. एकाच गावातले, एकाच वयाचे दोन विल्यम रॉबर्ट्स असतील तर कधीकधी हा रकानाच निकाल लावतो. १९११ मध्ये विवाहित बाईला लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली आणि त्यांतली किती वारली, हे विचारलं होतं. तुमच्या तक्त्यात सहा मुलं आणि तिथे नऊ असं दिसलं तर उरलेली तीन शोधायची आहेत. ती बहुधा दोन जनगणनांच्या मधल्या काळात जन्मून गेलेली असतात.

सावधान: कोळशाच्या खोऱ्यांतली माणसं तिथली मूळची असतीलच असं नाही. र्‍होंडात १८८१ मध्ये सापडलेला खाणकामगार कारमार्दनशर किंवा कार्डिगनशरच्या शेतावरून आलेला असण्याची दाट शक्यता. जन्मनोंद तिकडे शोधा. शिवाय र्‍होंडातल्या नोंदी सूचीत "पाँटिप्रिड" या नोंदणी जिल्ह्याखाली आणि जुन्या कागदांत "इस्त्रादवोद्वग" या पॅरिशखाली येतात. नोंदणी जिल्हे परगण्याच्या हद्दी ओलांडून जात, म्हणून परगणा जुळत नाही एवढ्यावरून नोंद फेकून देऊ नका.

## टप्पा ३: गाव नक्की करा

इथे घाई करणारे सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा सविस्तर.

आधी १९७४ पूर्वीचे तेरा परगणे पाठ करा किंवा नकाशा छापून भिंतीवर लावा: अँगलसी, कार्नार्व्हन, मेरिओनेथ, डेनबी, फ्लिंट, मॉन्टगोमेरी, कार्डिगन, रॅडनर, ब्रेकनॉक, कारमार्दन, पेम्ब्रुक, ग्लॅमॉर्गन, मॉनमथ. तुमचे सगळे जुने कागद याच नावांनी बोलतील. आजच्या ग्विनेथ किंवा पोविस या नावांनी शोधलंत तर हाती काही लागणार नाही.

'ल्लान' म्हणजे चर्चभोवतीची जागा. पुढे बहुधा संताचं नाव. मेरीचं चर्च ते ल्लानव्हायर, मायकेलचं ते ल्लानव्हिहांगेल. अशी गावं वेल्सभर पसरली आहेत. एकट्या कार्डिगनशरमध्ये ल्लानव्हिहांगेल इस्त्राद आहे, ल्लानव्हिहांगेल-अ-क्रेइथिन आहे, ल्लानव्हिहांगेल गेनायर ग्लिन आहे. जनगणनेत नुसतं पहिलं नाव लिहिलेलं असेल तर तुम्हाला गाव मिळालेलं नाही, गावांची यादी मिळालेली आहे. आपल्याकडे कुणी नुसतं "वडगाव" सांगितलं तर आपण लगेच विचारतो, कुठलं? इथेही तेच विचारायचं.

एकाच गावाची दोन नावं असतात ती वेगळीच. स्वॉन्सी म्हणजे आबेरतावे, कार्डिगन म्हणजे आबेरतायव्ही, ब्रेकन म्हणजे आबेरहोंथी, होलीहेड म्हणजे कायरगाबी. न्यूपोर्ट तर दोन आहेत: मॉनमथशरमधलं मोठं बंदर वेल्शमध्ये कासनेविथ, पेम्ब्रुकशरमधलं लहान गाव त्रेव्हड्रायथ. कुटुंबाच्या सांगण्यात "न्यूपोर्ट" आलं तर कुठलं ते ठरल्याशिवाय एक ओळही लिहू नका.

वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर मागच्या शब्दाप्रमाणे बदलतं. बँगोर गावी म्हणायचं तर "अम् मँगोर", बँगोरला म्हणायचं तर "ई व्हँगोर". डोल्गेल्लाय गावी म्हणजे "अन् नोल्गेल्लाय". वेल्श वर्तमानपत्रात किंवा थडग्यावर शोधताना गावाचं नाव ब, म आणि व्ह अशा तिन्ही तऱ्हांनी टाकून बघावं लागतं. आपल्या भाषेत शब्दाची शेपटी बदलते, यांच्या भाषेत डोकं.

आता शेतघर. दाखल्यावरच्या राहण्याच्या रकान्यात, जनगणनेच्या पत्त्यात, बाप्तिस्म्याच्या नोंदीत जे घराचं नाव दिसतं ते प्रत्येक वेळी उतरवून घ्या. ते शोधायला दोन फुकट साधनं आहेत: वेल्सच्या ऐतिहासिक स्थळनामांची ऑनलाइन यादी आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरचे ऑर्डनन्स सर्वेचे सहा इंची जुने नकाशे. त्यांत वेल्सही आहे आणि एकेक शेतघर नावानिशी दिसतं.

तपासा: पेन-र्‍हिऊ, तीमाउर, पांतग्लास अशी घरनावं जागोजागी आहेत. घर आणि पॅरिश ही जोडी जुळली तरच ओळख पटली.

पुढे जाण्याआधी एका कागदावर हे वाक्य पूर्ण करता येतं का बघा: "हा माणूस अमुक सालाच्या सुमारास अमुक पॅरिशमधल्या अमुक घरी जन्मला." येत नसेल तर टप्पा २ कडे परत जा.

## टप्पा ४: आडनाव स्थिर होतं का, ते ठरवा

मराठी माणसाला हा भाग खरं तर सोपा जायला हवा. आपल्या जुन्या मोडी कागदांत "राणू बिन बाळू" आणि "सखू कोम राणू" असं लिहिलेलं असतं. वेल्समध्ये 'बिन'च्या जागी 'अप', पुढे स्वर आला तर 'अब', आणि मुलीसाठी 'फेर्ख' किंवा 'व्हेर्ख'. सखूला राणूची बायको म्हणून ओळखण्याची पद्धत मात्र तिकडे नव्हती. जुन्या नोंदींत लग्नानंतरही बाई बापाच्याच नावाने येते. पुरल्याच्या नोंदीत नवऱ्याच्या आडनावाने तिला शोधत बसाल आणि ती तिथेच माहेरच्या नावाने नोंदलेली असेल.

म्हणजे दर पिढीला शेवटचं नाव बदलतं. विल्यमचा मुलगा जॉन विल्यम. त्याचा मुलगा डेव्हिड जॉन किंवा डेव्हिड जोन्स. त्याचा मुलगा इव्हान डेव्हिड किंवा इव्हान डेव्हिस. खानदानी जमीनदारांनी सोळाव्या शतकापासून कायमची आडनावं घेतली. सामान्य शेतकऱ्यांत, विशेषतः उत्तरेला आणि पश्चिमेला, ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालू होती. सरहद्दीलगतच्या भागात आणि पेम्ब्रुकशरच्या दक्षिणेत आडनावं पुष्कळ आधी बसली.

मागे जाताना काय करायचं ते असं:

१. विवाहाच्या दाखल्यावरून वडिलांचं पहिलं नाव घ्या. समजा, जॉन.
२. पॅरिशच्या नोंदवहीत तुमच्या माणसाच्या अंदाजे जन्मसालाच्या अलीकडे-पलीकडे पाच-पाच वर्षांतले त्या पहिल्या नावाचे सगळे बाप्तिस्मे उतरवा. आडनावाकडे बघू नका.
३. त्यांतून ज्यांच्या बापाचं पहिलं नाव जॉन आहे तेवढे ठेवा. इव्हान जॉन, इव्हान जोन्स, जॉन डेव्हिडचा मुलगा इव्हान, सगळे.
४. उरलेल्यांची घरं आणि आयांची नावं बघा.

शोधपेटीत पूर्ण नाव टाकून हे काम होत नाही. नोंदवहीची पानं एकामागून एक डोळ्यांखालून घालावी लागतात. एका लहान पॅरिशची वीस वर्षं वाचायला दोन संध्याकाळी लागतात, आणि त्या वाचनात शेजारीपाजारी, साक्षीदार, घरं सगळी ओळखीची होत जातात. मला स्वतःला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो.

'अप' आडनावात विरघळल्याच्या खुणाही ओळखा: अप र्‍हिस म्हणजे प्राइस, अप हवेल म्हणजे पॉवेल, अप रिचर्ड म्हणजे प्रिचर्ड, अप हॅरी म्हणजे पॅरी, अब ओवेन म्हणजे बोवेन, अब इव्हान म्हणजे बेव्हन. प्राइस मागे जाताना र्‍हिस किंवा रीस होतो.

पहिली नावंही जोडीने चालतात. घरात दाव्हिथ, चर्चच्या वहीत डेव्हिड. ग्विलिम आणि विल्यम, शान आणि जेन, मारगेद आणि मार्गारेट, लाउरी आणि लॉरा, शोन-जॉन आणि कधीकधी इव्हानही. पॅरिशच्या वह्या इंग्रजीत किंवा जुन्या असतील तर लॅटिनमध्ये असतात, वेल्शमध्ये फार क्वचित.

सावधान: वाय-डीएनए (बापाकडून मुलाकडे जाणारा डीएनए) चाचणी करून "आपल्या आडनावाचे" नातेवाईक शोधू नका. ज्या घराचं आडनाव दर पिढीला बदललं, त्याच्या खऱ्या भाऊबंदांचं आडनाव आज वेगळंच असणार.

## टप्पा ५: चर्च की चॅपल

१८५१ पर्यंत वेल्समधले बहुसंख्य उपासक अँग्लिकन चर्चऐवजी चॅपलला जात होते. म्हणून पॅरिशच्या वहीत बाप्तिस्मा सापडला नाही तर "नोंद हरवली" असं लिहून मोकळे होऊ नका. पंथ कोणता ते आधी शोधा.

बॅप्टिस्ट असतील तर तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतच नाही, मोठेपणी होतो. तिथे जन्माची वेगळी नोंद किंवा सभासदांची यादी शोधायची. कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्टांनी स्वतःचे धर्मोपदेशक १८११ मध्ये नेमायला सुरुवात केली; त्याआधीचे त्यांचे बाप्तिस्मे बहुधा पॅरिशच्या चर्चमध्येच मिळतात. इंडिपेंडंट चॅपलच्या वह्या त्याहून जुन्या असू शकतात. १८३७ नंतर सरकारजमा झालेल्या चॅपलच्या वह्या लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांच्या प्रतिमा ऑनलाइन आहेत. पण अनेक चॅपलांनी त्या दिल्याच नाहीत. त्या परगण्याच्या अभिलेखागारात, अॅबेरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात किंवा अजून चॅपलच्याच कपाटात असतात.

चॅपलची माणसं असली तरी दोन गोष्टी चर्चमध्येच शोधायच्या. एक, लग्न: मार्च १७५४ ते जून १८३७ या काळात क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना कायदेशीर लग्न पॅरिशच्या चर्चमध्येच करावं लागे. दोन, दफन: १८८० च्या कायद्याआधी, आणि नंतरही, पुष्कळांना जागा मिळाली ती चर्चच्याच आवारात.

पॅरिशच्या वह्या वेल्समध्ये सतराव्या शतकाच्या मध्याआधीच्या फार थोड्या उरल्या आहेत. वही फाटली असेल, पानं गेली असतील तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेल्या नकला बघा; त्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

तपासा: १७५२ पूर्वी कायद्याचं नवीन वर्ष २५ मार्चला लागत असे. वहीतला फेब्रुवारी १७४० म्हणजे आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७४१. लग्न एप्रिल १७४० आणि मूल फेब्रुवारी १७४० असं दिसलं तर कुणाच्या चारित्र्यावर शंका घेण्याआधी हा हिशेब करा.

## टप्पा ६: उमेदवार बाद करा

आता तुमच्याकडे एकाहून अधिक इव्हान असतील. योग्य कोण हे शोधू नका. अयोग्य कोण ते शोधा.

प्रत्येकासाठी वेगळं पान घ्या. पहिला प्रश्न: हा लहानपणी वारला का? दफनाच्या नोंदी पुढची पंधरा-वीस वर्षं वाचा. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची पद्धत होती, त्यामुळे एका घरात दोन इव्हान दिसले तर पहिला गेला असं बहुधा समजावं, पण दफनाची नोंद बघूनच. दुसरा प्रश्न: त्याच पॅरिशमध्ये त्याचं दुसऱ्याच कुणाशी लग्न झालं का? तिसरा: १८५१ मध्ये तो दुसरीकडे, दुसऱ्या बायको-मुलांसह दिसतो का?

जो उरतो त्यालाही शेवटचा टिळा लावण्याआधी एक स्वतंत्र पुरावा हवा, घर, मृत्युपत्र किंवा थडगं यांपैकी. मुलांची नावं आजोबा-आजींच्या नावांशी जुळतात का तेही बघा, मात्र जोन्सांच्या घरात नातवाचं नाव जॉन ठेवलं यावरून काहीच ठरत नाही.

दोन उरले आणि निवड होईना, तर दोन्ही पानं तशीच ठेवा आणि वंशावळीत त्या जागी प्रश्नचिन्ह लिहा. दुसऱ्यांनी ऑनलाइन टाकलेल्या झाडात उत्तर दिसलं तरी ते उचलू नका. पुष्कळदा पाच झाडं एकाच चुकीच्या झाडावरून उतरवलेली असतात.

## टप्पा ७: शेतघराला माणसाशी बांधणारे कागद

मृत्युपत्रं: १८५८ पूर्वी वेल्समधल्या धर्मसभेच्या न्यायालयांत सिद्ध झालेली मृत्युपत्रं राष्ट्रीय ग्रंथालयाने फुकट ऑनलाइन दिली आहेत. नावाने शोधून गर्दी आली तर पॅरिशने शोधा. ज्यांच्याकडे चार गाई आणि एक करघा एवढंच होतं अशांचीही मृत्युपत्रं आहेत, आणि त्यांत जावई, नातवंडं, विवाहित मुली नावानिशी येतात. एका मृत्युपत्राने तीन पिढ्या एका पानावर बांधलेल्या मी पाहिल्या आहेत.

टाइद नकाशे: १८३६ च्या कायद्यानंतर, प्रामुख्याने १८४० च्या दशकात, चर्चचा दशांश कर ठरवायला पॅरिशवार नकाशे झाले. सोबतच्या तक्त्यात प्रत्येक शेताचा मालक, वहिवाटदार, शेताचं नाव आणि क्षेत्र असतं. सातबारा वाचता येणाऱ्याला हा तक्ता समजावून सांगावा लागत नाही. हेही राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. १८४१ च्या जनगणनेसोबत ठेवून वाचा. मालक आणि वहिवाटदार यांची गल्लत मात्र करू नका. बहुतेक कुटुंबं कुळं होती.

वर्तमानपत्रं: राष्ट्रीय ग्रंथालयाच्या वेल्श न्यूजपेपर्स ऑनलाइनवर १९१९ पर्यंतची इंग्रजी आणि वेल्श पत्रं फुकट शोधता येतात. माणसाच्या नावाऐवजी शेतघराचं नाव टाका. पंथांची मासिकंही बघा, कारण चॅपलच्या साध्या सभासदाचा मृत्युलेखही त्यांत छापला जाई. मेथडिस्टांचं 'अ द्रसोर्व्हा', बॅप्टिस्टांचं 'सेरेन गोमेर'.

## टप्पा ८: साखळी मुंबई इलाख्यातून जात असेल तर

हा टप्पा सगळ्यांना लागणार नाही. पूर्वज खडकी, देवळाली, अहमदनगर किंवा कुलाब्याच्या छावणीत असेल, रेल्वेत असेल, तर वेल्सच्या आधी इथली नोंद पक्की करा. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात एन/३ या मालिकेत आहेत. फाइंडमायपास्टवर त्यांच्या प्रतिमा आहेत, आणि फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची सूची फुकट शोधता येते.

पण या नोंदींत वेल्समधलं गाव सहसा नसतं. शिपाई असेल तर ते त्याच्या सेवामुक्तीच्या किंवा भरतीच्या कागदावर मिळतं. एकोणिसाव्या शतकातल्या निवृत्तिवेतनधारकांचे असे कागद क्यूमध्ये डब्ल्यूओ ९७ या मालिकेत आहेत. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या सेवानोंदींचा मोठा भाग १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाला, तेव्हा तिथे निराश व्हायची तयारी ठेवा.

सावधान: पलटणीच्या नावात वेल्स आहे म्हणून शिपाई वेल्श ठरत नाही, आणि वेल्श माणूस भलत्याच पलटणीत असू शकतो.

## टप्पा ९: थडगी, आणि प्रत्यक्ष जाण्याआधी

वेल्श थडगं वाचायला फार भाषा लागत नाही. "एर कोव्ह आम" म्हणजे स्मरणार्थ. "बी व्हारू" म्हणजे वारला किंवा वारली. दगडावर अक्षरं दिसतात बी, यू आणि मग एफ, ए, आर, डब्ल्यू. "म्लुइथ ओइद" म्हणजे वर्षं वयाचा. "माब" मुलगा, "मेर्ख" मुलगी, "ग्वराइग" किंवा "प्रिओद" पत्नी, "हेव्हिद" म्हणजे तसेच. महिन्यांत चार एमने सुरू होतात आणि तिथे घोळ होतो: माउर्थ मार्च, माइ मे, मेहेव्हिन जून, मेदी सप्टेंबर. ऑक्टोबर म्हणजे हद्रेव्ह, डिसेंबर म्हणजे ऱ्हागव्हिर.

दगडावर बहुतेकदा शेतघराचं नाव कोरलेलं असतं. तारखेच्याही आधी ते वाचा.

जायचं ठरवलंत तर परगण्याच्या अभिलेखागाराला आधी लिहा. पत्रात एकच प्रश्न ठेवा: माणसाचं नाव, पॅरिश, घर, सालांची मर्यादा, आणि आतापर्यंत काय बघून झालं आहे ते. "आमच्या जोन्स घराण्याची सगळी माहिती द्या" असं पत्र गेलं तर तिथल्या माणसालाही काही करता येत नाही. वह्या मूळ स्वरूपात दाखवतात की फिल्मवर, वाचकपत्र लागतं का आणि बसायची जागा राखून ठेवावी लागते का, हेही त्याच पत्रात विचारून घ्या.

दफनभूमीत सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर जा. तिरप्या उन्हात पुसट अक्षरं उठून दिसतात. दगडावर खडू, पीठ, तारेचा ब्रश काहीही लावू नका. पाटीचा दगड पापुद्र्यांनी सुटतो आणि कोरलेलं कायमचं जातं. पाण्याची बाटली आणि मऊ कापड पुरतं. आपल्या थडग्याचा फोटो घेतलात की दोन्ही बाजूंच्या आणि मागच्या रांगेतल्या थडग्यांचेही घ्या. शेतघराचं तेच नाव आणि वेगळंच आडनाव असलेला दगड तिथे उभा असेल, तर तो बहुधा तुम्हाला हवा असलेला बाप आहे. घरी आल्यावर टप्पा ४ चा तक्ता पुन्हा उघडा.